लोणारी कोळसा : पारख, पेटवण आणि सावधगिरी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण. बऱ्याच भगिनींनी टिपणे मागितली, म्हणून ते येथे संपूर्ण देत आहोत.)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की विषय कसा भारदस्त असावा लागतो. मागच्या खेपेस येथे स्त्रियांच्या आरोग्यावर व्याख्यान झाले, त्याआधी मृत्युपत्रावर झाले. मला मात्र चिटणीसबाईंनी घरी येऊन सांगितले, "काकू, तुम्ही या वेळी कोळशावर बोला." मी हसले. म्हटले, "अगं, कोळसा उगाळावा तितका काळाच. त्यावर अर्धा तास काय बोलायचे?" त्यावर त्या म्हणाल्या, "गेल्या कोजागिरीला काय झाले ते आठवा, म्हणजे बोलायला सुचेल."

तुमच्यापैकी पुष्कळजणी त्या रात्री होत्या. ज्या नव्हत्या त्यांच्यासाठी सांगते. यंदा दुधाबरोबर अंगणात शेगड्या मांडून मक्याची कणसे, भरताची वांगी आणि मुलांच्या आग्रहास्तव पनीरही भाजावे, असे मंडळाने ठरवले होते. कोळशाचे पोते आणले. सात वाजता पेटवायला घेतले. साडेआठ झाले तरी कोळसा धुमसतोच आहे. चौघीजणी आळीपाळीने पुठ्ठ्याने वारा घालीत होत्या, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. शेवटी कोणीतरी बाटलीतून रॉकेल आणले आणि धुमसत्या शेगडीवर ओतले. क्षणभर काहीच झाले नाही, आणि मग भपकन ज्वाळा उठली ती छातीइतकी! शेजारी उभ्या असलेल्या एका सुनेच्या साडीचा काठ होरपळला. प्रसंगावधान राखून एकीने तिच्यावर सतरंजी टाकली, म्हणून काठावरच निभावले. नंतर चंद्र डोक्यावर आला, दूध आटले, आणि कणसे आम्ही खाल्ली ती रॉकेलच्या वासाची.

घरी जाताना माझ्या मनात आले की, ही चूक त्या मुलींची नाही. आमच्या पिढीला शेगडी रोजची होती. मी लग्न होऊन आले ती १९७२ साली. तेव्हा सकाळचा चहा स्टोव्हवर आणि वरण-भात शेगडीवर, असा आमच्या घरचा रिवाज होता. पुढे गॅस आला आणि शेगडी माळ्यावर गेली. २०१६ पासून उज्ज्वला योजनेमुळे खेड्यापाड्यांतल्या कित्येक घरांतही सिलिंडर पोचला. चूल-शेगडीच्या धुरातून बायकांची सुटका झाली याचा आनंद मला आहेच; तो धूर परत यावा असे मी कधीच म्हणणार नाही. पण आता तीच शेगडी हौस म्हणून अंगणात, गच्चीवर आणि शेतातल्या हुरडा पार्टीत परत आली आहे. ती हाताळण्याचे रोजचे ज्ञान तेवढे मधल्या काळात हरवले. ते आज मी जमेल तसे परत देणार आहे.

आधी कोळसा म्हणजे काय ते पाहू. कोळसा दोन जातींचा. एक दगडी कोळसा. तो खाणीतून निघतो. त्याच्या धुरात गंधक असते, वास उग्र असतो, आणि त्याच्यावर उघड्या जाळीत खाण्याचा पदार्थ कधीही भाजू नये. दुसरा लाकडापासून केलेला, म्हणजे आपला लोणारी कोळसा. चुना भाजण्याचे आणि कोळसा पाडण्याचे काम आपल्याकडे लोणारी समाज करीत असे, त्यावरून त्याला हे नाव पडले. भट्टीत लाकडे रचतात, वर पालापाचोळा आणि त्यावर मातीचा जाड लेप देतात, आणि एका तोंडाने पेटवून हवा अगदी बेताची आत सोडतात. हवा पुरेशी नसल्यामुळे लाकूड जळून राख होत नाही. त्यातले पाणी आणि धुराचे पदार्थ तेवढे उडून जातात आणि मागे कार्बन राहतो. प्रथम पांढरा दाट धूर निघतो, तो पाण्याच्या वाफेचा. धूर निळसर आणि विरळ झाला की कोळसा तयार झाला असे भट्टीवाले ओळखतात. मग सारी भोके लिंपून भट्टी थंड होऊ देतात. हे काम कित्येक दिवस चालते, आणि रात्रंदिवस जागता पहारा ठेवावा लागतो. कारण मातीला भेग पडून वारा शिरला की सगळ्या कष्टांची राख होते.

अशा मातीच्या भट्टीत पाच-सहा किलो लाकूड घालावे तेव्हा किलोभर कोळसा हाती येतो. हे ऐकल्यावर पिशवीच्या तळाचा चुरासुद्धा फेकून देववत नाही. आणि दुसरीही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. रायगड, पुणे, ठाणे या भागांतली कातकरी कुटुंबे वर्षानुवर्षे या भट्ट्यांवर राबत आली आहेत. पावसाळा संपला की उचल घेऊन बायकामुलांसह भट्टीवर जायचे आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला परतायचे, असा त्यांचा क्रम असे. ती उचल फिटता फिटत नसे. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला, तरी या कामातले कर्जाचे फास त्यानंतरही पुष्कळ दिवस वर्तमानपत्रांतून आणि कोर्टकचेऱ्यांतून पुढे येत राहिले. तेव्हा कोळसा घेताना तो कुठला, कोणत्या लाकडाचा, परवान्याचा आहे का, एवढे विचारायला आपण लाजू नये. ठराविक जातीची झाडे तोडायला आपल्या राज्यात १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते. सचोटीचा वखारवाला या प्रश्नांनी रागावत नाही.

आता पारख. माझ्या सासूबाई मला पहिल्यांदा वखारीत घेऊन गेल्या तेव्हा त्यांनी पोत्यातून दोन खांडे उचलली आणि एकमेकांवर आपटली. खणखणीत आवाज आला. त्या म्हणाल्या, "हा घे. बद्द वाजला तर ठेवून दे." पन्नास वर्षांत मला यापेक्षा सोपी परीक्षा सापडली नाही. चांगला भाजलेला, कोरडा, कठीण लाकडाचा कोळसा काचेसारखा वाजतो. ओला किंवा अर्धाकच्चा कोळसा मुका असतो.

दुसरी परीक्षा डोळ्यांची. खांड मोडून पाहावे. आत काळी कुळकुळीत झळाळी हवी आणि लाकडाच्या रेषा, वर्षागणिक पडलेली वर्तुळे स्पष्ट दिसायला हवीत. मधला भाग तपकिरी किंवा तांबूस दिसला तर ते लाकूडच आहे असे समजावे. ते शेगडीत धूर करणार आणि वांग्याला कडवट वास देणार. पोत्यात अशी खांडे थोडी असतातच. ती वेगळी काढून पेटवणाच्या वेळी तळाशी वापरावीत, म्हणजे त्यांचा धूर पदार्थ ठेवण्याआधीच निघून जातो.

तिसरी परीक्षा वजनाची. कोळसा पाणी चटकन शोषतो आणि विकला जातो वजनावर. म्हणून पोते नुकतेच शिंपडलेले तर नाही ना ते पाहावे. हाताला गार, दमट लागले, किंवा पोत्याचा तळ ओलसर असला, तर पैसे आपण पाण्याचे देतो आहोत. शिवाय ओला कोळसा पेटताना तडतडतो आणि ठिणग्या उडवतो. गेल्या कोजागिरीचे आपले पोते असेच होते. पावसाळाभर ते कुठेतरी ओलीत पडलेले असणार. मी दुसऱ्या दिवशी वखारीत गेले आणि म्हटले, "काका, कोळसा सर्द होता हो." ते बिचारे म्हणाले, "वहिनी, हल्ली गिऱ्हाईक कुठं विचारतंय? इस्त्रीवाले आणि हॉटेलवाले सोडले तर वजन करून पोतं उचलतात नि जातात. तुम्ही आपटून बघितलं असतंत तर मीच दुसरं दिलं असतं." यावर मला काही बोलता आले नाही. पोते घ्यायला गेले होते ते मीच!

चौथी गोष्ट लाकडाची. बाभूळ, चिंच, धावडा यांचा कोळसा जड, कठीण आणि टिकाऊ. पेटायला वेळ घेतो, पण एकदा फुलला की आच एकसारखी देतो. हल्ली बाजारात पुष्कळसा कोळसा वेडी बाभळीचा असतो. गुजरातेत आणि तमिळनाडूत ही झाडे माजली आहेत आणि त्यांचा कोळसा पाडणे हा तिकडे मोठा धंदा आहे. तो भाजायला उत्तम. आंबा, सावर, पांगारा अशा हलक्या लाकडांचा कोळसा फुलासारखा हलका असतो. लवकर पेटतो आणि लवकर संपतो. तो पेटवणाला बरा. रंग किंवा वार्निश दिलेल्या जुन्या फर्निचरची लाकडे, खोकी, प्लायवूड यांचे तुकडे मात्र भाजण्याच्या शेगडीत कधीच घालू नयेत. त्यांतली रसायने धुराबरोबर अन्नात उतरतात.

आकार लिंबापासून मुठीपर्यंतचा असावा. त्याहून मोठी खांडे फोडून घ्यावीत. सगळाच चुरा असला तर मधून हवा खेळत नाही आणि शेगडी गुदमरते. चुरा वाया घालवू नये. पूर्वी आपण तो शेणामातीत कालवून गोळे करीत असू आणि उन्हात वाळवीत असू. हल्ली दुकानांत उशीच्या आकाराचे तयार कोळसे मिळतात, ते याच जातीचे. चुऱ्यात स्टार्चची खळ घालून दाबलेले असतात. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी मोटारीच्या कारखान्यातल्या लाकडाच्या तुकड्यांपासून असे कोळसे १९२० नंतरच्या दशकात काढले आणि विकले. माझी भाची तिकडे असते. ती परसात ज्या झाकणाच्या गोल शेगडीवर भाजते, तसली शेगडी शिकागोजवळच्या जॉर्ज स्टीफन नावाच्या गृहस्थांनी १९५२ साली प्रथम बनवली. पाण्यावर तरंगत ठेवायच्या धातूच्या गोळ्याचे अर्धे भाग घेऊन त्यांनी ती केली. भाची मला फोनवर सांगत होती, "मावशी, इकडे सगळे म्हणतात की लाकडाचाच अख्खा कोळसा चांगला, राख कमी पडते." मी तिला म्हटले, "अगं, तुझ्या आजीने हे कोणाला न विचारता सांगितलं असतं!"

साठवण सोपी आहे. कोरडा डबा, वर झाकण, आणि जमिनीपासून दोन विटा वर. पावसाळ्यात एकदा-दोनदा ऊन पडेल तेव्हा पसरावा. भाजायच्या दिवशी सकाळपासून कोळसा उन्हात ठेवला तर संध्याकाळचे अर्धे काम झालेच म्हणून समजा.

आता पेटवण. कोळसा पेटायला तीन गोष्टी लागतात. खालून हवा, सुरुवातीला थोडी जोराची ज्वाळा, आणि निखाऱ्याला निखारा लागून राहणे. आपल्या मुली पहिली चूक करतात ती येथेच. कोळसा शेगडीभर सपाट पसरतात. पसरलेला कोळसा एकमेकांना ऊब देत नाही. तो ढिगासारखा रचावा, फुलल्यावर मग पसरावा.

शेगडीच्या जाळीखालची राख आधी पूर्ण काढावी आणि खालचे तोंड वाऱ्याकडे करावे. जाळीवर नारळाची शेंडी, करवंटीचे दोन-तीन तुकडे, तुराट्या किंवा पऱ्हाट्यांच्या काड्या ठेवाव्यात. शहरात हे न मिळाले तर कोऱ्या कागदाचे पिळे करावेत. चकचकीत रंगीत कागद नको. करवंटी मात्र मिळवाच. नारळवाल्याकडे ती फुकट पडलेली असते, आणि तिच्यासारखी खमंग व टिकाऊ ज्वाळा दुसऱ्या कशाची नाही. तिच्यावर आधी लहान खांडे, त्यावर मोठी, मध्ये फटी ठेवून रचावीत. खालून पेटवावे आणि पहिली पाच मिनिटे हात बांधून स्वस्थ बसावे. घाईने वारा घातला की कोवळी ज्वाळाच विझते. कोळशाच्या कडा तांबूस दिसू लागल्या की मग विंझण्याने, सुपाने किंवा फुंकणीने खालच्या तोंडातून वारा द्यावा. वरून घातलेला वारा राख उडवतो, कोळसा पेटवीत नाही.

याहून सोपी युक्ती मी आज करून दाखवणार आहे. तेलाचा पाच लिटरचा पत्र्याचा रिकामा डबा घ्यावा. दोन्ही तोंडे कापावीत, कडा ठोकून बोथट कराव्यात, आणि तळाकडच्या बाजूला खिळ्याने बोटाएवढी आठ-दहा भोके पाडावीत. झाले आपले नळकांडे. ते शेगडीच्या जाळीवर उभे करावे, तळाशी करवंटी व काड्या, वर कोळसा भरावा आणि खालच्या भोकांतून पेटवावे. गरम हवा वर चढते, तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते, म्हणजे नळकांडे स्वतःच स्वतःला वारा घालते. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशावर राखेची साय धरते. मग दोन सांडशांनी धरून डबा सावकाश उचलायचा, निखारे आपोआप शेगडीत बसतात. नवा डबा पहिल्यांदा रिकामाच उघड्यावर तापवून आतला रंग-लेप जाळून टाकावा. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा पत्रा मात्र यासाठी वापरू नये. तापल्यावर जस्ताचा धूर निघतो आणि त्याने ताप-थंडी भरते.

रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट, हात धुण्याचे सॅनिटायझर यांपैकी काहीही शेगडीवर ओतायचे नाही. धुमसत्या कोळशावर तर मुळीच नाही. गरम कोळशावर पडलेल्या तेलाची आधी वाफ होते, ती ढगासारखी आजूबाजूला पसरते, आणि मग एकदम पेटते. आपण पाहिलेली ती छातीइतकी ज्वाळा म्हणजे हीच वाफ. सॅनिटायझरची ज्योत तर उजेडात दिसतही नाही. फारच झाले तर कापराच्या दोन वड्या तळाशी ठेवाव्यात. तो पदार्थ ठेवण्याच्या कितीतरी आधी जळून जातो. आणि पदर, ओढणी कमरेला घट्ट खोचूनच शेगडीजवळ जावे. नायलॉन आणि जॉर्जेटची साडी त्या दिवशी कपाटातच राहू द्यावी. ती वितळून अंगाला चिकटते. सुती लुगडे यासाठीच बरे. हाताशी पाण्याची बादली आणि एक घमेले वाळू हवीच.

निखारे तयार कधी समजायचे? काळा रंग जाऊन सगळ्यांवर पांढुरकी राख आली आणि आत लाल रसरस दिसली की. जाळीवर चार-पाच बोटे उंच तळहात धरावा आणि सावकाश अंक मोजावेत. दोन-तीनलाच हात मागे घ्यावा लागला तर आच कडक. मासा, पनीर यांना ती चालते. पाच-सहा अंक निघाले तर मध्यम. वांगी, कणसे, कांदे यांना हीच हवी. सगळे निखारे एकसारखे न पसरता एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ ठेवावेत, म्हणजे करपायला लागलेला पदार्थ सरकवायला जागा राहते. चार-पाच माणसांच्या भाजणीला किलो-दीड किलो कोळसा पुष्कळ होतो.

वांग्याला तेलाचा हात लावून दोन-चार ठिकाणी टोचे मारावेत, नाहीतर आतल्या वाफेने ते फुटते. कणसाच्या वरच्या साली काढून शेवटची एक-दोन पाने ठेवावीत. दाणे आधी आपल्याच वाफेत शिजतात, मग सोलून रंगापुरते निखाऱ्यावर फिरवावेत. रताळी कडेच्या गरम राखेत पुरून विसरून जावीत. मासळी भाजणाऱ्यांनी जाळीला तेल लावावे आणि निखाऱ्यावर चरबी-तेल गळू देऊ नये. ते गळले की जो काळा धूर उठतो तो पदार्थावर बसतो, आणि तो प्रकृतीला चांगला नाही. करपलेली साल, काळी कड काढूनच वाढावे. "थोडे करपलेलेच खमंग लागते" असे म्हणणारे प्रत्येक घरात एक तरी असतात. त्यांना थोडेच वाढावे!

आणि शेजाऱ्यांचाही विचार करावा. आपली मौज म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दमेकऱ्याचा खोकला होता कामा नये. मुंबईत तर २०२५ साली उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणामुळे लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. कोरडा, पुरता भाजलेला कोळसा वापरला आणि तो पूर्ण फुलू दिला तर धूर निम्म्याहून कमी होतो.

येथपर्यंत सगळे हौसेचे झाले. पण बिनधुराचा निखारा म्हणजे निर्धोक निखारा, असे तुम्हांला वाटू लागले असेल तर माझ्या बोलण्याने अपायच झाला म्हणायचा. म्हणून आता मी ज्यासाठी खरोखर उभी राहिले ते सांगते.

१९७४ सालच्या डिसेंबरात मी पहिल्या बाळंतपणासाठी सातारा जिल्ह्यात माहेरी गेले होते. मुलगी झाली. थंडी कडक होती. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून आईने खोलीच्या खिडक्या बंद करून फटींना कापड लावले होते. रोजच्याप्रमाणे बाजेखाली शेगडी, वर ओवा आणि बाळंतशेपांची धुरी. त्या रात्री थंडी जास्त म्हणून आईने शेगडी उचलून न नेता तशीच ठेवली. निखारे छान फुललेले, धुराचा मागमूस नाही. मी, बाळ आणि सोबतीला आत्या, अशा तिघी दार लावून झोपलो.

पहाटे मला जाग आली ती डोके फुटेल अशा दुखण्याने. मळमळत होते. बाळ मंद कण्हत होते, रडत नव्हते. मी उठायला गेले तर पायांत त्राणच नाही. मनात आले, ओली बाळंतीण आहे, अशक्तपणा असेल, पडून राहावे. झोप अशी गोड येत होती की काय सांगू! त्या वेळी मी पुन्हा डोळे मिटले असते तर आज तुमच्यापुढे उभी नसते. पण बाळाचे ते कण्हणे कानांत शिरले. मी बाजेवरून खाली घसरले, सरपटत दारापर्यंत गेले आणि कडी काढली. पुढचे मला आठवत नाही. आईने आम्हां तिघींना ओसरीवर ओढून काढले.

सकाळी घरात बायकांची गर्दी. कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी म्हणे बाळंतवारा. डॉक्टर आले, त्यांनी खोली पाहिली, शेगडी पाहिली आणि आईला एवढेच विचारले, "ही रात्रभर इथेच होती?" आई काही बोलली नाही. मग ते आम्हांला समजावून म्हणाले, "आई, यात तुमचा दोष नाही. या वायूला ना रंग, ना वास. तो मारतो ते झोपवून."

तो वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. कोळसा पुरेशी हवा न मिळता जळाला की तो निघतो, आणि फुललेल्या निखाऱ्यांतून तो सतत निघत असतो. निखाऱ्यावर कधी निळसर ज्योत नाचते, ती त्याचीच. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई पडली तेव्हा मागे भट्टी लावून कोळशाच्या वायूवर मोटारी चालत, असे वडील सांगत. त्या वायूतला मुख्य जळणारा भाग हाच. मोटार चालवणारा वायू बंद खोलीत माणसाला काय करील याचा विचार करा. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. त्याला प्राणवायूपेक्षा या वायूची ओढ दोनशे पटींहून अधिक आहे. एकदा तो चिकटला की प्राणवायूला जागाच उरत नाही. पोटातल्या गर्भाला आणि तान्ह्या बाळाला याचा धोका सर्वांत जास्त, आणि आपण शेगडी ठेवतो ती नेमकी त्यांच्याच बाजेखाली!

आजही दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या आपण वाचतो. तेव्हा बाळंतिणीला शेक द्यायचाच असेल तर तो दार-खिडकी उघडी ठेवून, जागेपणी, आणि शेगडी लगेच बाहेर नेऊन. खरे म्हणजे गरम पाण्याची पिशवी आणि लोकरीचे कपडे यांनी भागते. अंगणात पाऊस आला म्हणून पेटती शेगडी घरात, पडवीत, पत्र्याच्या बंद शेडमध्ये किंवा मोटारीत कधी घेऊ नये. विझत आली तरी नाही. न्हाणीघरातल्या गॅसच्या गीझरलाही हाच नियम. हवा खेळती नसेल तर तोही हाच वायू सोडतो. बंद जागेत दोघा-तिघांचे एकदम डोके दुखू लागले, मळमळले, पाय लटपटले, तर दृष्ट काढत बसू नये. आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढावे, मग १०८ ला फोन करून दवाखान्यात न्यावे. बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावेच.

शेवटचे दोन शब्द विझवण्याबद्दल. वरून थंडगार राख दिसते, पण आतला निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. तो प्लास्टिकच्या बादलीत किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. तापल्या शेगडीवर भस्सकन पाणीही ओतू नये; वाफेने हात भाजतो आणि मातीची शेगडी तडकते. चिमट्याने निखारे पत्र्याच्या डब्यात घालून घट्ट झाकण लावावे आणि डबा रात्रभर उघड्यावर ठेवावा. हवा न मिळाल्याने ते विझतात, आणि पुढच्या खेपेस तोच कोळसा सर्वांत आधी पेटतो. राख भांड्यांना आणि, थोडी थोडी, फुलझाडांना.

त्या रात्रीची माझी मुलगी आज पन्नाशीची आहे. पहिल्या रांगेत बसली आहे, मी तिच्याकडे मुद्दाम पाहत नाही. आईने मात्र त्यानंतर मरेपर्यंत बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवली नाही, आणि गावातल्या ज्या ज्या घरी बाळंतपण होई तेथे न बोलावता जाऊन ती खिडकी उघडून येई. लोक नावे ठेवीत. "वारा लागेल" म्हणत. ती म्हणे, "लागू दे वारा. वाऱ्यानंच लेक वाचली माझी."

माझे बोलणे येथे संपवते. आता चिटणीसबाईंची परवानगी असेल तर सर्वजणी अंगणात चला. पदर खोचा, नळकांडे मी आणले आहे, आणि कोळसा या वेळी आपटून घेतला आहे.